ग्रंथ हाती, गुरू पाठीशी

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढून जाताना वाटेत अखंड खडकात कोरलेले चतुर्भुज विष्णूचे एक लहानसे देऊळ लागते. त्यातील शिलालेख विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन दिल्याचे आणि रोज फुलांच्या ५० माळा देवास पोचविण्याची व्यवस्था केल्याचे त्यात नमूद आहे. २७० आणि ५० या संख्यांतील शून्य आज आपली मुले पाटीवर काढतात तसेच वाटोळे आहे. म्हणून दूरदूरचे गणिती हे देऊळ मुद्दाम पाहावयास येतात.

शिंद्यांच्या राजवटीमुळे या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या वस्ती करून राहिली. त्या शिलालेखानंतर हजाराहून अधिक वर्षांनी अशाच एका मराठी घरात गणिताची गोडी लागलेला एक मुलगा वाढत होता. त्याचे नाव श्रीराम शंकर अभ्यंकर. जन्म २२ जुलै १९३० रोजी उज्जैन येथे. बालपण व शालेय शिक्षण ग्वाल्हेरास. वडील शंकर केशव अभ्यंकर हे गणिताचे प्राध्यापक. पुढे श्रीराम अभ्यंकर मुंबईस गेले, तेथून अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि पंचविशी ओलांडते न ओलांडते तोच जगातील श्रेष्ठ गणितींमध्ये त्यांची गणना होऊ लागली.

अशा यशाचे श्रेय आपण सहसा बुद्धीला देतो आणि मोकळे होतो. बुद्धी ही देणगी आहे, यात शंका नाही. परंतु बी कितीही कसदार असले तरी त्याला माती आणि पाणी लागते, हे शेतकऱ्याला निराळे सांगावयास नको. गणिताच्या बीला जी माती व जे पाणी लागते, त्यासंबंधी आज चार शब्द लिहावयाचे योजिले आहे. रीत जुनी आणि अगदी साधी आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने वा मुलीने परीक्षेच्या पुस्तकाखेरीज गणिताचा एखादा चांगला ग्रंथ स्वतः वाचावा. आणि एखाद्या जाणत्या व्यक्तीने आठवड्यातून एकदा त्याच्याजवळ बसून त्या वाचनाची विचारपूस करावी. एवढेच. परंतु या एवढ्याशा गोष्टीने पुष्कळ आयुष्ये घडली आहेत, आणि तिच्या अभावी काही आयुष्ये वाया जाता जाता वाचली आहेत.

गणित वाचणे म्हणजे काय?

वाचक म्हणतील, पुस्तक वाचावयाचे तर खुशाल वाचावे. त्याला सोबत कशाला हवी? परंतु गणिताचे वाचन हे वृत्तपत्राच्या वाचनासारखे नसते. कादंबरीची पन्नास पाने एका बैठकीत संपतात. गणिताचे एक पान कधी कधी आठवडाभर पुरते. शब्द सगळे ओळखीचे असतात, वाक्य लहान असते, आणि तरीही त्यातील अर्थ हाती लागलेला नसतो. त्याहूनही मोठी अडचण ही, की अर्थ हाती लागला नाही हे वाचणाऱ्याला कळतच नाही.

एक उदाहरण घेऊ. १ हून मोठ्या ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांवाचून दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ संख्या होत. अशा संख्यांना अंत नाही, ही गोष्ट युक्लिड या ग्रीक पंडिताने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेविली आहे. समजा, कोणी म्हणाला, ‘माझ्याजवळ सर्व मूळ संख्यांची यादी आहे.’ त्या यादीतील सर्व संख्यांचा गुणाकार करावा आणि त्यात १ मिळवावा. आलेल्या संख्येला यादीतील कोणत्याही संख्येने भागले तरी बाकी १ उरणारच. तेव्हा तिला भागणारी, यादीत नसलेली अशी एखादी मूळ संख्या असलीच पाहिजे. यादी अपुरी ठरली!

हा युक्तिवाद विद्यार्थी दोन मिनिटांत वाचतो आणि ‘समजले’ असे म्हणून पान उलटतो. येथे शेजारी बसलेले गुरुजी त्याला थांबवितात व विचारतात, “गुणाकारात १ मिळवून जी संख्या येते, ती नेहमी मूळच असते काय रे?” विद्यार्थी उत्साहाने करून पाहतो. २ मध्ये १ मिळवून ३. २ व ३ यांचा गुणाकार ६, त्यात १ मिळवून ७. तसेच पुढे ३१, मग २११, मग २३११. सगळ्याच मूळ संख्या! तो म्हणतो, “होय, गुरुजी.” गुरुजी शांतपणे म्हणतात, “आणखी एक पायरी चढ पाहू.” २ पासून १३ पर्यंतच्या सहा मूळ संख्यांचा गुणाकार ३०,०३०, १ मिळवून ३०,०३१. मुलगा वहीची दोन पाने भागाकारांनी भरतो आणि अखेर त्याला दिसते, की ही संख्या म्हणजे ५९ व ५०९ यांचा गुणाकार होय. ती मूळ नाही! युक्लिडचा सिद्धांत मात्र तसूभरही ढळलेला नाही. कारण ५९ आणि ५०९ या दोन्ही मूळ संख्या आपल्या यादीत नव्हत्या.

ग्रंथात चूक नव्हती. मुलाने ग्रंथात नसलेली गोष्ट त्यात वाचली होती. अशी चूक एकट्याला सापडत नाही. आणि गुरुजींनी तरी काय केले? त्यांनी व्याख्यान दिले नाही, उत्तर सांगितले नाही. एक प्रश्न विचारला आणि वाट पाहिली. त्या दिवशी मुलाला जे कळले ते तो जन्मात विसरणार नाही.

ग्वाल्हेरचा विद्यार्थी

अभ्यंकरांचे भाग्य असे, की ज्या घरात ते वाढले तेथे गणित हे परीक्षेपुरते येऊन जाणारे पाहुणे नव्हते. पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पदवीचा अभ्यास करीत असता त्यांना प्राध्यापक पेसी मसानी यांच्यासारखे शिक्षक लाभले. मसानी हे स्वतः हार्वर्डला शिकून आलेले. त्याच सुमारास, १९४५ मध्ये डॉ. होमी भाभा यांनी स्थापिलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था मुंबईत नुकती कोठे पाय रोवीत होती. तेथील व्याख्यानांनाही हा पदवीचा विद्यार्थी जाऊन बसे. १९५१ मध्ये पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले आणि ऑस्कर झारिस्की या थोर गणितीच्या हाताखाली त्यांनी काम केले.

त्यांनी कोणता प्रश्न हाती घेतला होता, याची कल्पना साध्या दोरीने येऊ शकेल. दोरीचा फेरा असा धरावा, की तिची जमिनीवर पडणारी सावली स्वतःलाच एका ठिकाणी छेदील. सावलीत त्या ठिकाणी दोन वाटा एकमेकींत घुसलेल्या दिसतात. तो बिंदू इतर बिंदूंसारखा सरळ नसतो. परंतु हवेतील दोरीला तेथे छेद मुळीच नसतो; एक पदर वर असतो, एक खाली. समीकरणांनी काढलेल्या वक्रांवर व पृष्ठांवर असे अवघड बिंदू येतात. ते ज्याची सावली म्हणून शोभतील असा निर्दोष आकार नेहमी सापडतो काय, हा तो प्रश्न होय. नेहमीच्या संख्यांच्या राज्यात झारिस्कींनी १९३९ मध्ये पृष्ठांपुरते आणि १९४४ मध्ये तीन परिमाणांपर्यंत त्याचे उत्तर दिले होते. परंतु गणितात दुसरीही अंकसृष्टी आहे. घड्याळात बारानंतर पुन्हा एक येतो, तशी तेथील मोजणी एखाद्या मूळ संख्येपाशी पोचून पुन्हा आरंभास येते. त्या सृष्टीत हा प्रश्न पृष्ठांसाठीसुद्धा सुटला नव्हता.

अभ्यंकरांनी आधी एक जुनी पद्धत येथे चालते का ते पाहिले. ती चालत नाही, असे दाखविणारे उदाहरणच त्यांच्या हाती आले. दुसऱ्या एखाद्याने तेथेच हाय खाल्ली असती. अभ्यंकरांनी निराळी वाट धरली, १९५५ मध्ये डॉक्टरेट मिळविली, आणि १९५६ मध्ये पृष्ठांसंबंधीचा तो प्रश्न सोडविल्याचे प्रसिद्ध केले. मौजेची गोष्ट अशी, की फसलेल्या वाटेवरचे कामही वाया गेले नाही. त्यातून निघालेल्या विचारांवरून त्यांनी १९५७ मध्ये एक अटकळ मांडली. ती खरी असल्याचे रेनो व हारबेटर या दोन गणितींनी १९९४ मध्ये, म्हणजे सदतीस वर्षांनी, सिद्ध केले.

अशा कामाची सवय परीक्षेच्या तीन तासांत लागत नाही. आज न सुटलेला प्रश्न उद्यावर न्यावा, उद्याचा परवावर न्यावा आणि तरी मन खट्टू होऊ देऊ नये, ही सवय ग्रंथ घेऊन एकट्याने बसणाऱ्याला लागते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ग्रंथात अभ्यंकरांनी आपला अवघड विषय शास्त्रज्ञ व अभियंते यांच्यासाठी मांडला, तो शाळेतल्या बीजगणितापासून आरंभ करून. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था काढली. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले आणि २ नोव्हेंबर २०१२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. प्रतिष्ठान मात्र आजही पुण्यात गणिताची आवड असलेल्या मुलांना जवळ करीत आहे. ज्या भास्कराचार्यांचे नाव तिला दिले, त्यांची लीलावतीही गंमत म्हणून पाहण्यासारखी आहे. तीत उदाहरणे घातली आहेत ती समोर बसलेल्या कुणाला प्रेमाने विचारल्यासारखी. ग्रंथाला श्रोता हवा, हे आपल्या पूर्वजांनीही जाणले होते.

मद्रासचे फादर रासीन

ज्यांच्या घरी वडील प्राध्यापक नाहीत, त्यांनी काय करावे? याचे उत्तर दक्षिणेतील एका येशूसंघीय धर्मगुरूच्या जीवनात सापडते. फादर शार्ल रासीन हे फ्रान्समध्ये १८९७ मध्ये जन्मले. पॅरिसमध्ये एली कार्तां या अग्रगण्य गणितीच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले आणि १९३७ मध्ये ते भारतात आले. मद्रासच्या लोयोला महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे गणित शिकविले. त्या काळी आपल्या विद्यापीठांतील पाठ्यक्रम जुन्या इंग्रजी पुस्तकांवर चालत असे. युरोपात गणिताने घेतलेली नवी वळणे येथील विद्यार्थ्यांच्या कानीही येत नसत. फादर रासीन यांना ती वळणे ठाऊक होती. पाठ्यक्रम बदलणे त्यांच्या हाती नव्हते. परंतु कोणता नवा ग्रंथ वाचावा, पुढे कोठे जावे, कोणाला भेटावे, हे होतकरू मुलांना सांगणे त्यांच्या हाती होते, आणि तेवढे त्यांनी निष्ठेने केले.

त्या मुलांत एक एम. एस. नरसिंहन होते. तमिळनाडूतील तंडराई या खेड्यातल्या शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म १९३२ चा. दुसरे त्याच वर्षी कांचीपुरमला जन्मलेले सी. एस. शेषाद्री. फादरांच्या प्रोत्साहनाने दोघेही मुंबईच्या टाटा संस्थेत दाखल झाले आणि १९६५ मध्ये त्यांच्या जोडनावाने ओळखला जाणारा सिद्धांत प्रसिद्ध झाला. आज जगातील कोणत्याही मोठ्या विद्यापीठात तो आदराने शिकविला जातो. शेषाद्री यांनी पुढे चेन्नईस गणिताची एक नामांकित संस्था उभारली. फादर रासीन १९७६ मध्ये भारतातच देवाघरी गेले. त्यांच्या स्वतःच्या नावावर गाजलेला सिद्धांत नाही. परंतु त्यांनी वाट दाखविलेल्या मुलांच्या नावांवर आहेत. शेतकऱ्याच्या मुलाला ग्रंथाची वाट दाखविणे हेही सेवाकार्यच होय.

सोबतीवाचून

सोबत न मिळाल्यास काय होते, ते श्रीनिवास रामानुजन यांच्या चरित्रात दिसते. १९०३ च्या सुमारास, सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांच्या हाती कार या शिक्षकाचा एक ग्रंथ आला. त्यात सुमारे पाच हजार सूत्रे ओळीने दिलेली. सिद्धता कोठे नाही, कोठे अगदी त्रोटक. तो ग्रंथ त्या मुलाने जणू पिऊन टाकला. परंतु ‘बाळ, हे खरे कशावरून?’ असे विचारणारे जवळ कोणी नव्हते, आणि ‘इतर विषयांकडेही लक्ष दे’ असे वळवून सांगणारेही नव्हते. गणितापुढे बाकीचे विषय मागे पडले, शिष्यवृत्ती गेली, महाविद्यालयाची परीक्षा उतरली नाही. पुढे १९१३ मध्ये केंब्रिजच्या हार्डी यांना त्यांनी पत्र लिहिले, आणि तेव्हा कोठे योग्य सोबती मिळाला. १९२० मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते निवर्तले. इतकी थोर बुद्धी म्हणून ती एकटीने तग धरू शकली. आपल्या मुलांकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

आजची सोय

ही रीत आता पुष्कळ ठिकाणी पद्धतशीरपणे राबविली जाते. अमेरिकेत शिकागो विद्यापीठातील संशोधक विद्यार्थ्यांनी एक उपक्रम काढला: पदवीचा एक विद्यार्थी व संशोधन करणारा एक थोरला विद्यार्थी यांची जोडी लावावयाची, दोघांनी मिळून एक ग्रंथ निवडावयाचा, धाकट्याने तो वाचावयाचा, दर आठवड्यास भेटावयाचे, आणि सत्राच्या अखेरीस धाकट्याने आपण काय वाचले ते सर्वांपुढे उभे राहून सांगावयाचे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तेथील अनेक विद्यापीठांनी तो उचलला. आपल्याकडे प्राध्यापक एस. कुमरेसन यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये उन्हाळी गणित-शिबिरांची परंपरा सुरू झाली. लहान गावांतल्या कितीतरी मुलामुलींना तेथे प्रथमच प्रश्न विचारण्याचे धैर्य आले. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्याच्या सुटीसाठी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन एखाद्या तज्ज्ञाकडे पाठवितात, त्यातही गणिताला जागा आहे.

तथापि सगळ्यांनाच अशी निवड लाभणार नाही. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठाखाली भिंड, मुरैना अशा गावांतील महाविद्यालये येतात. तेथील विद्यार्थी आणि आपल्या वसईच्या, अहिल्यानगरच्या वा जालन्याच्या खेड्यातून एस.टी.ने महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी यांची अडचण एकच आहे. दोघांनाही सोबत आपल्या आसपासच शोधावी लागेल. महाविद्यालयातील एखादे प्राध्यापक, सुटीत घरी आलेला वरच्या वर्गातील दादा अथवा ताई, निवृत्त झालेले शिक्षक, यांपैकी कोणाचाही दरवाजा ठोठावावा. ‘सर, मी हे पुस्तक वाचू इच्छितो, आठवड्यातून एक तास ऐकाल का?’ एवढे विनयाने विचारले तर खरा शिक्षक सहसा नाही म्हणत नाही. मराठीतून आरंभ करावयाचा असल्यास मंगला नारळीकर यांचे ‘गणितगप्पा’ हे पुस्तक घरातील धाकट्यांनाही रुचेल.

भेटीची रीत अशी असावी. ग्रंथ एकच आणि पेलेल एवढा. रोज एक तास वाचन, हातात पेन्सिल व शेजारी वही. जेथे अडले तेथे खूण. भेटीच्या वेळी पुस्तक मिटावे आणि फळ्यावर वा पाटीवर स्वतःच्या शब्दांत सांगावे. ऐकणाऱ्याने घाईने उत्तर पुरवू नये. आणि अखेरीस दहा-बारा जणांपुढे एकदा सगळे मांडून दाखवावे. कारण जे दुसऱ्याला सांगता येत नाही, ते आपल्याला पुरते आलेले नसते.

आईबापांना विनंती

आता घरच्यांविषयी. मुलाला महाविद्यालयात धाडणे हा आपल्या कुटुंबांत मोठा त्याग असतो. फी भरताना कोणाच्या अंगावरचा दागिना जातो, कोणाचा बैल जातो. अशा वेळी मुलगा परीक्षेत न येणारे पुस्तक घेऊन बसला, की आईचा जीव खालीवर होतो आणि बाप म्हणतो, ‘याने का पोट भरणार आहे?’ हा प्रश्न गैर नाही. तो टाळूही नये. रामानुजन यांची शिष्यवृत्ती गेली, ती हा प्रश्न कोणी वेळेवर हाताळला नाही म्हणूनच. म्हणून आधी परीक्षेचा अभ्यास, ही मर्यादा मुलाने पाळलीच पाहिजे, आणि मार्गदर्शकानेही तिच्यावर डोळा ठेवला पाहिजे.

परंतु ती मर्यादा पाळून उरलेला एक तास त्याच्यापासून हिरावून घेऊ नका. ज्याने एक ग्रंथ स्वतःच्या बळावर, जाणत्याच्या नजरेखाली पार केला, त्याला पुढे कोणतेही नवे काम शिकताना भीती वाटत नाही. तो गणिती होईलच असे नाही. शिक्षक होईल, हिशेबनीस होईल, यंत्रे चालवील, शेती पाहील. परंतु ‘मला समजले’ आणि ‘मला समजल्यासारखे वाटले’ यांतील अंतर त्याला कळेल, आणि हे अंतर कळणारा माणूस सहसा फसत नाही व इतरांस फसवीत नाही. मुलींच्या बाबतीत तर हे दुप्पट आग्रहाने सांगावेसे वाटते. घरातील कामाची वाटणी अशी करा, की संध्याकाळचा तो एक तास तिचाही राहील.

गणित तुम्हांला येत नाही म्हणून खंत मानण्याचे कारण नाही. संध्याकाळी दिव्याजवळची शांत जागा द्या, टीव्हीचा आवाज थोडा कमी करा, आणि अधूनमधून विचारा, ‘आज काय वाचलेस? मला समजेल असे सांग पाहू.’ तुम्हांला समजेल असे सांगण्याच्या धडपडीत त्यालाच ते अधिक समजेल. पुढची वाट दाखवावयास कोणी ना कोणी गुरू भेटेल. पहिला श्रोता मात्र घरातच असावा.